दार लावून घेतलेलं माप

बाथरूमचं माप घ्यायला मिलिमीटर आत गेला. त्यानं दार लावलं, कडी घातली आणि मगच टेप बाहेर काढली. पुढं जो काही अनर्थ झाला त्याचं मूळ एवढ्याशा कृतीत होतं. पण बाथरूममध्ये शिरलं की दार लावायचं, हे तो जेमतेम कडीपर्यंत पोचत होता तेव्हापासून आईनं त्याच्या अंगात भिनवलेलं. आत आपण आंघोळीला आलोय की मोजणीला, असला विचार हात करत नाही. हात सवयीनं वर गेला आणि कडी लागली.

मिलिमीटर हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, कमी भरलेलं वजन जप्त करायचं, हे त्याचं काम. कापडवाल्याची मीटरपट्टी एका टोकाला झिजली आहे हे तो म्हणे रस्त्यावरून ओळखतो, अशी त्याची ख्याती होती. ती त्यानं स्वतःच पसरवली आहे, असं बायकोचं मत. काही असो, बाथरूमचं माप त्यानं तीनदा घेतलं, तिन्हींची सरासरी काढली आणि आलेखाच्या कागदावर असा सुबक नकाशा काढला, की तो भिंतीवर लावावा असं कुणालाही वाटलं असतं. नकाशात दार होतं. बंद होतं.

बाथरूम जुनं होतं. लोक हल्ली कौतुकानं ज्याला विंटेज म्हणतात तसलं, आणि असं म्हणणारे लोक म्हणजे ज्यांना तिथं आंघोळ करावी लागत नाही ते. भिंतींना शेवाळी हिरव्या टाइल्स, त्यातल्या निम्म्यांना तडे. पायाखाली झिजून साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेली फरशी. जमिनीत बसवलेलं उकिडवं बसायचं भांडं, डोक्यावर लोखंडी टाकी आणि तिची लोंबती साखळी. साखळी ओढली की आधी काहीच होत नसे. माणूस दुसऱ्यांदा ओढायला हात वर करी, तेवढ्यात पहिल्या ओढीचं पाणी गर्जना करत कोसळे. लहानपणी मिलिमीटर या टाकीला इतका घाबरे, की आई दाराबाहेर उभी राहून त्याच्याकडून पाढे म्हणून घेई. त्यामुळे आई बाहेर आहे हे त्याला कळे, मुलगा शाबूत आहे हे आईला कळे, आणि पाढेही पाठ होत.

आणि दाराला आतून ती पितळी कडी. आई ती घासूनपुसून अशी लख्ख ठेवी, की त्या अंधाऱ्या खोलीत दुसरं काही चमकतच नसे.

याच फरशीवर आईचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते नीट झालं. चारपायी वॉकर धरून ती चार पावलं टाकू लागली. पण डॉक्टरांनी बजावलं, की उकिडवं बसणं आता बंद, जन्मभर.

"मग? काय करणार आहेस?" वॉर्डाबाहेर ताईनं विचारलं. ताई त्याची मोठी बहीण. दोन तासांच्या अंतरावर राहणारी, पण हुकूम मात्र शेजारच्या खोलीतून सोडल्यासारखे सोडणारी.

"बाथरूम करून घेतोय."

"तू? बेसिनचा नळ बदलायला वर्ष घालवलंस तू, धाकट्या."

"मी मापं घेत होतो."

"हेच ते! नळाला कसली मापं घेतोस? हे बघ, शुक्रवारी तिला सोडतायत. मी टॅक्सी घेऊन येते. आधी तुझ्या घरी जाऊ. कमोड, धरायला दांडा, सगळं जागेवर असेल तर आई उतरेल. नसेल, तर टॅक्सी तशीच पुढं माझ्याकडे. आणि एकदा माझ्याकडे आली की कायमची. हे सारखं इकडून तिकडं हलवणं मला जमायचं नाही."

मिलिमीटर आत गेला. आईनं त्याला खुणेनं जवळ बोलावलं आणि तोंडाजवळ हात धरून म्हणाली, "इथं सगळं पडद्याआड करतात रे. पडदा म्हणजे काय, कुणीही येतं, बाजूला करतं आणि विचारतं, झालं का आजी? शरमेनं काही होतच नाही. घरी ने मला. आपली कडी लावून एकदा शांत बसायचंय."

"नेतो," मिलिमीटर म्हणाला.

म्हणायला काय जातं! साठवलेलं सगळं ऑपरेशनात गेलं होतं. त्यामुळे नवं बाथरूम जुन्या मालाचं करायचं ठरलं. टाइल्स उरल्यासुरल्या मालाच्या दुकानातून आल्या. पांढऱ्या म्हणून घेतलेल्या त्या टाइल्स उजेडात पाच प्रकारच्या पांढऱ्या निघाल्या. कमोड मिळाला बंद पडलेल्या एका हॉटेलातला. त्या हॉटेलात सगळे धष्टपुष्ट लोकच उतरत असावेत, कारण तो नेहमीच्या कमोडपेक्षा चांगला वीतभर लांब होता. मिलिमीटरनं त्याचं माप घेऊन नकाशात बसवला. बसला. गुडघ्यांना जागाही उरली. बायकोनं नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "कागदावर छान दिसतंय." तिच्या आवाजात जे होतं ते मोजायला उपकरण नसल्यानं त्यानं तिकडे दुर्लक्ष केलं.

मग सेक्रेटरी. सोसायटीचे सेक्रेटरी खालच्याच मजल्यावर राहत, आणि त्यांचं बाथरूम नेमकं याच्या बाथरूमखाली. त्यांनी अर्ज वाचून चष्मा काढला.

"जुनं भांडं काढायला हरकत नाही. पण नवं बसवायची परवानगी कमिटी देते. कमिटी पुढच्या महिन्यात बसेल."

"आणि मधल्या काळात?"

"मधल्या काळात भोक झाकून ठेवायचं."

"आणि आम्ही?"

सेक्रेटरी विचारात पडले. "त्याबद्दल नियमांत काही नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

मग छत दाखवायला ते त्याला आपल्या बाथरूममध्ये घेऊन गेले. तिथं कोपऱ्यात वजनकाटा होता. सेक्रेटरींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस कर्ज न फेडलेल्या सावकाराकडे पाहतो. "तुम्ही त्याच खात्यातले ना? जरा बघता का? डॉक्टर म्हणतात वजन वाढलंय. मला वाटतं काटाच बिघडलाय."

मिलिमीटर काट्यावर चढला, उतरला, पुन्हा चढला. काटा अगदी चोख होता. त्यानं सेक्रेटरींच्या केविलवाण्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. छताच्या वर त्याचं घर होतं आणि त्या घरात आई परत यायची होती.

"जास्त दाखवतोय," तो म्हणाला. "बराच."

सबंध नोकरीत त्यानं पहिल्यांदाच खोटं माप सांगितलं. जिना चढताना त्याचे कान तापले होते. पण तोंडी परवानगी मिळाली होती. अट एकच. सेक्रेटरींच्या छतातून एक थेंब जरी पडला, तर काम असेल त्या अवस्थेत बंद.

प्लंबर आला तो कानाला फोन लावूनच आला आणि काम संपेपर्यंत तो कान रिकामा झाला नाही. जगात कुठंही असला तरी तो समोरच्याला सांगे, "निघालो, पाच मिनिटांत पोचतो." मिलिमीटरच्या घरात बसून तो हे इतरांना सांगे तेव्हा मिलिमीटरला सुरक्षित वाटे. तो नसे तेव्हा मिलिमीटरच्या फोनवर तेच वाक्य येई, आणि मग तो आत्ता कुणाच्या घरात बसून बोलत असेल याची कल्पना करत मिलिमीटर पॅसेजमध्ये येरझारा घाली.

भांडं फुटलं, टाइल्स उतरल्या, टाकी खाली आली. घरची मंडळी बादली-टॉवेल घेऊन वरच्या काकांकडे आंघोळीला जाऊ लागली. काका निवृत्त होते आणि आंघोळीबद्दल काही घेत नसत, फक्त देत. सल्ला. मिलिमीटर डोक्याला साबण लावून उभा असताना ते दाराबाहेरून बोलत. "उतार बघितलास का? पाणी नेहमी उताराकडे जातं, लक्षात ठेव." ज्याच्या सहीशिवाय बाजारात एक लिटर तेल मोजलं जात नाही, अशा माणसाला हे साबणाच्या फेसाआडून "हो काका" म्हणत ऐकून घ्यावं लागे. एकदा ते म्हणाले, "दाराचं काय केलंस?" मिलिमीटर म्हणाला, "दार चांगलं आहे काका, जुनं लाकूड आहे, ते बदलत नाही." काका म्हणाले, "मग ठीक." नंतर कितीतरी दिवस मिलिमीटर या संवादाकडे परत परत वळून पाहत असे.

गुरुवारी दाराची घंटी वाजली. दारात सेक्रेटरी, डोक्यावर हात.

"थेंब," ते म्हणाले.

 मिलिमीटर धावत खाली गेला. छताला खरोखरच ओल होती. त्यानं स्टुलावर चढून ती बोटानं चाचपली. ओल कोमट होती. वरच्या घरात तर पाणी सकाळपासून बंद होतं, आणि जेव्हा होतं तेव्हाही कोमट कधीच नव्हतं. ती वाफ सेक्रेटरींच्याच गरम पाण्याची होती. हे त्यानं शास्त्रीय पद्धतीनं, वाफ थंड पृष्ठभागावर कशी जमते इथपासून समजावून सांगितलं.

"बरं," सेक्रेटरी नाइलाजानं म्हणाले. "हा थेंब मी धरत नाही. पुढचा धरीन." आणि हातातलं बिस्कीट त्यांनी तोंडात टाकलं. काटा जास्त दाखवतो हे कळल्यापासून ते मोकळ्या मनानं खात होते.

शुक्रवार उजाडला. टाइल्स लागल्या होत्या, दांडा भिंतीत घट्ट बसला होता, फक्त कमोड बसवायचा राहिला होता. प्लंबर आला हेच मुळी नवल. मिलिमीटरनं नकाशा हातात धरून, दार लावून, फरशीवर खडूनं खुणा केल्या, मग तो बाहेर आला. प्लंबर कमोड घेऊन आत गेला. त्याच वेळी बायको आईच्या अंथरुणावर धुतलेली चादर घालत होती. ती ओरडली, "दार लावून घ्या हो! सिमेंटची धूळ सगळी खोलीत येतेय!"

प्लंबरनं दार लावून घेतलं.

आतून ठोकाठोक ऐकू येत होती, मध्ये मध्ये "निघालो, पाच मिनिटांत पोचतो" ऐकू येत होतं. बाहेर मिलिमीटर उभा होता. ताईचा फोन आला, कागद झाले, आता निघतो. त्यानं घड्याळ पाहिलं नाही. त्याला पाहवेना.

मग ठोकाठोक थांबली. "झालं साहेब!" असा आवाज आला. कडी सरकल्याचा आवाज आला. दार चार बोटं उघडलं आणि खट्‌कन थांबलं.

"साहेब," फटीतून प्लंबरचा एक डोळा दिसला. "हे दार आत उघडतं."

"हो. मग?"

"मग इथं कमोड आहे."

मिलिमीटर फटीतून पाहू लागला. जुनं भांडं जमिनीत होतं. इतकी वर्षं दार त्याच्या डोक्यावरून बिनबोभाट फिरत होतं, आणि म्हणूनच दार फिरतं ही गोष्ट त्या घरात कुणाला दिसलीच नव्हती. कमोड मात्र जमिनीतून वर आला होता, वीतभर जास्त लांबीसकट, आणि दार त्याच्या ओठाला टेकलं होतं. नकाशा बरोबर होता. बाथरूम चुकलं होतं.

"थोडा सरकवा ना तो!"

"आता कसा सरकवू? खाली बोल्ट आवळलेत, सांध्यात सिमेंट भरलंय. सरकवला तर सांधा फुटेल, पाणी थेट खाली." प्लंबर गंभीर झाला. "खाली कोण राहतं म्हणालात?"

त्याच क्षणी त्याचा फोन वाजला. सवयीनं त्यानं उचलला आणि सवयीनं म्हणाला, "निघालो, पाच मिनिटांत..." मग त्यानं दाराकडे पाहिलं. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य पुरं करता आलं नाही.

"दार फोडा," बायको म्हणाली.

"आईची कडी आहे त्यावर!" मिलिमीटर जवळजवळ किंचाळला.

"मग कमोड फोडा."

"आणि आईनं बसायचं कशावर? नकाशावर?"

गोंगाट ऐकून वरचे काका खाली आले, त्यांनी फटीतून आत पाहिलं, प्लंबरची विचारपूस केली आणि म्हणाले, "मी विचारलं होतं. दाराचं काय केलंस म्हणून." काकांच्या मागं सेक्रेटरी येऊन उभे राहिले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "सांधा फुटणार नाही ना?" घरात जागा होती तेवढी सगळी माणसांनी भरली, फक्त जिथं जायचं होतं तिथं जाता येत नव्हतं.

दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. म्हणजे त्या खोलायच्या तर आत अडकलेल्या माणसानंच. मिलिमीटरनं फटीतून स्क्रू ड्रायव्हर आत दिला. रंगाचे एवढे थर बसले होते, की स्क्रूंची डोकी दिसेनात. प्लंबर खरवडत होता, घामानं निथळत होता. त्याचा फोन वाजत राहिला, त्यानं उचलला नाही. खाली रस्त्यावर कुठलीही गाडी थांबली की मिलिमीटरचं काळीज थांबे.

पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याचं डोकं तुटलं.

"वरची बिजागरी सुटली," आतून आवाज आला. "दार धरा बाहेरून. अंगावर येतंय माझ्या!"

फटीतून चार बोटं घालून मिलिमीटर, बायको आणि काका, तिघांनी दार धरलं. सेक्रेटरींनी बिस्कीट खाली ठेवलं आणि चौथा हात घातला. खालची बिजागरी करकरली, सुटली, आणि ते जुनं जड लाकूड डुलत, तिरपं होत, कमोडला बोटभर अंतरानं चुकवत, कडेवर उभं राहून बाहेर आलं. त्याच्या मागून पांढराफटक पडलेला प्लंबर बाहेर आला आणि कुणाला काही न बोलता जिना उतरून गेला. तो खरोखरच पाच मिनिटांत कुठंतरी पोचला असणार.

दार पॅसेजच्या भिंतीला टेकवून ठेवलं. कडी वर चमकत होती. बायकोनं बेडरूमचा पडदा दांडीसकट काढला आणि दोन खिळ्यांवर चौकटीत टांगला. मिलिमीटर त्या पडद्याकडे बघतच राहिला. पडदा. जगातल्या सगळ्या वस्तूंमधून पडदा!

खाली टॅक्सी थांबली.

आईला खुर्चीत बसवून वर आणलं. पुढं ताई होती. तिनं पॅसेजमध्ये उभं असलेलं दार पाहिलं, पडदा पाहिला, भिंतीला लागून उभ्या असलेल्या काका आणि सेक्रेटरींच्या ओळीकडे पाहिलं.

"हे काय?"

"दार... उलटं बसवायचंय. बाहेर उघडणारं. लवकरच," मिलिमीटर म्हणाला.

"टॅक्सी खाली उभी आहे," ताई शांतपणे म्हणाली. तिचा आवाज चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "आई, चल. माझ्याकडे दार आहे. आतून लागणारं."

 वॉकरवर भार देऊन आई उठली, चालत भिंतीपाशी गेली आणि दारावरच्या कडीवरून तिनं बोट फिरवलं. मग पडद्याकडे पाहिलं. मिलिमीटरला वाटलं, ही आत्ता 'बरं' म्हणेल आणि वळेल. इतक्या सगळ्या मापांनंतर त्यानं आईला पडद्यातून काढून पडद्याकडेच आणलं होतं.

"तुझ्याकडे पोचायला किती वेळ लागतो गं?" आईनं विचारलं.

"दोन तास."

"तेवढा वेळ माझ्याकडे नाहीये," आई म्हणाली, आणि पडदा बाजूला करून वॉकर आत घातला.

वॉकर चौकटीतून सरळ आत गेला, दोन्ही बाजूंना बोटबोट जागा ठेवून. तेव्हा मिलिमीटरच्या ध्यानात आलं, की दार जागेवर असतं तर ते आत उघडून अर्धी वाट अडवून बसलं असतं, आणि वॉकर तर कधीच आत गेला नसता. वॉकरचं माप त्यानं घेतलंच नव्हतं.

पडद्याआडून दांडा पकडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पॅसेजमधले सगळे जण न ऐकण्याचा प्रयत्न करत उभे होते, आणि तो प्रयत्न सगळ्यांना ऐकू येत होता.

"अरे," आतून हाक आली. "तू आहेस का तिथं?"

"आहे."

"बाकीच्यांना घालव. तू पाठ करून उभा राहा. कुणाला पडद्याला हात लावू देऊ नकोस." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि पाढे म्हण. मोठ्यानं. कुठला येतो?"

मिलिमीटरनं काका, सेक्रेटरी, ताई आणि बायको यांच्याकडे पाहिलं. कुणीही हललं नाही. खात्याचा निरीक्षक, एका कुटुंबाचा कर्ता पुरुष, पडद्याकडे पाठ करून चौकटीत कडीसारखा आडवा उभा राहिला आणि त्यानं घसा साफ केला.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

सेक्रेटरी पहिल्यांदा हलले. मग काका. बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिथं तिनं तोंडात पदर कोंबल्याचा अंदाज त्याला आला. ताई तेवढी राहिली, हाताची घडी घालून.

"...एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस सत्ते... एकोणतीस सत्ते दोनशे... दोनशे एक..."

"दोनशे तीन!" आतून कडक आवाज आला. "माप घेतोस ना रोज?"

ताईच्या हाताची घडी सुटली. ती आधी नाकातून हसली, मग ते तिला आवरेना. ती गॅलरीत गेली आणि खाली वाकून टॅक्सीवाल्याला हातानं जा म्हणून खूण करू लागली.

एकोणतीसचा पाढा संपला. साखळीची ती जुनी गर्जना आता नव्हती. नव्या टाकीचं पाणी आज्ञाधारकपणे आलं आणि आज्ञाधारकपणे गेलं. मिलिमीटर श्वास रोखून दाराची घंटी वाजायची वाट पाहत राहिला. खालून आवाज आला तो बिस्किटांचा पुडा फोडल्याचा.

वॉकर अजून हलला नव्हता. "थांबलास का?" आई म्हणाली.

"तीस एके तीस," मिलिमीटरनं सुरुवात केली. "तीस दुणे साठ..."

"तीसचा नको," पडद्याआडून आवाज आला. "तो कुणालाही येतो. एकतीसचा म्हण. मला अजून वेळ आहे."